ढगांच्या अठ्ठावीस कळा

पोरांनो, ढग नुसत्या वाफेचा होत नाही. त्याला बी लागतं.

स्कॉटलंडातल्या जॉन एटकेन यांनी १८८० च्या सुमारास ही गोष्ट काचेच्या दोन भांड्यांत करून दाखवली. एका भांड्यात खोलीतली साधी हवा घेतली, दुसऱ्यात कापसातून गाळून घेतलेली. मग दोन्हींत वाफ सोडली. साध्या हवेच्या भांड्यात दाट पांढरं धुकं भरलं आणि गाळलेल्या हवेचं भांडं आरपार स्वच्छ राहिलं. वाफ एकच होती. फरक होता तो डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीचा. बाष्पाला थेंब व्हायचं तर टेकायला काहीतरी हवं असतं. मिठाचा कण चालतो, धुराचा चालतो, गंधकाचा तर फारच चालतो. हवा अगदी निर्मळ असेल, तर तिच्यात मावेल त्याच्या कितीतरी पट बाष्प कोंबलं तरी थेंब धरत नाही.

“पण आजोबा, भर समुद्रात कुठे असते धूळ? तिथेही ढग असतातच की,” धाकटीनं लगेच विचारलं.

असतात तर! समुद्र आपलं बी आपणच तयार करतो. लाटा फुटल्या की तुषार उडतात, पाणी वाळतं आणि मिठाचे बारीक कण वाऱ्यावर राहतात. दुसरी गंमत याहून मोठी आहे. समुद्राच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात, त्यांना प्लवक म्हणतात. या प्लवकांमुळे डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू पाण्यात तयार होतो आणि तिथून हवेत जातो. किनाऱ्यावर उभं राहिलं की जो समुद्राचा वास येतो, त्यात याचाही वाटा असतो. हवेत गेल्यावर त्याचं गंधकाचं आम्ल होतं, आम्लाचे कण होतात, आणि त्या कणांवर ढगाचे थेंब बसतात. सुईच्या टोकाहून लहान जीव आकाशात ढगांचं बी पेरतात! जंगलंही पेरतात, कारण झाडांच्या वासातले वायू हवेत जाऊन त्यांचेही कण होतात. ज्वालामुखी पेरतो आणि वणवाही पेरतो.

आणि पेरतो तो माणूसही. कोळसा जाळतो, डिझेल जाळतो, चुली पेटवतो. त्या धुरानं काय होतं ते ऐका. ढगात पाणी तेवढंच आहे, पण बी जास्त पडलं, तर ते पाणी जास्त कणांत वाटलं जातं. थेंब संख्येनं वाढतात आणि आकारानं लहान होतात. बारीक थेंबांचा ढग अधिक पांढरा दिसतो आणि अधिक ऊन परत अवकाशात फेकतो. शॉन ट्वोमी नावाच्या शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात हे गणितानं मांडलं, पण डोळ्यांनी बघायचं असेल तर समुद्रावरची उपग्रहाची चित्रं बघा. पातळ ढगांच्या थरात लांबच लांब पांढऱ्या रेघा ओढलेल्या दिसतात. खालून जहाजं गेली, त्यांचा धूर ढगात शिरला, आणि वाटेवरचे ढग उजळून निघाले.

आता प्रश्नाची गाठ इथे बसते. एकीकडे आपण कार्बन डायऑक्साइड सोडून पृथ्वी तापवतो आहोत. दुसरीकडे त्याच धुरातले कण ढग उजळवून, ऊन अडवून, ती थोडी थंडही करताहेत. म्हणजे खरा ताप जितका आहे त्यातला काही भाग झाकलेला आहे. किती? जगभरच्या शास्त्रज्ञांच्या मंडळानं, आयपीसीसीनं, २०२१ साली याचा हिशेब दिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाशी तुलना केली तर हरितगृह वायूंनी १ ते २ अंश सेल्सिअस ताप चढवला, आणि मुख्यतः या कणांनी ० ते ०.८ अंश उतरवला. हे आकडे नीट बघा. शून्य म्हणजे काहीच झाकलं नाही, आणि ०.८ म्हणजे जवळजवळ एक अंश झाकला. उद्या आपण हवा स्वच्छ केली, जी करायलाच हवी कारण धुरानं माणसं मरतात, तर झाकण निघाल्यावर खालून किती ताप वर येईल? एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर इतकं सैल का?

“कॉम्प्युटरला विचारायचं,” थोरला म्हणाला.

विचारतातच. हवामानाचं मॉडेल म्हणजे संगणकात मांडलेली अख्खी पृथ्वी. हवेचे चौकोनी डबे कल्पायचे, एकावर एक, एकाशेजारी एक, एकेका डब्याची बाजू शंभर किलोमीटर किंवा त्याहून जास्त. प्रत्येक डब्यात वारा, उष्णता, बाष्प, कण किती ते लिहायचं आणि भौतिकशास्त्राचे नियम लावून पुढच्या अर्ध्या तासात काय होईल ते काढायचं. मग त्याच्या पुढचा अर्धा तास. असं करत करत वर्षं पुढे न्यायची. हे काम इतकं प्रचंड आहे की मोठ्या संगणकालाही एकेका फेरीला दिवस, कधी आठवडे, कधी महिने लागतात.

आणि अडचण नुसत्या वेळाची नाही. डबा शंभर किलोमीटरचा आणि ढगाचा थेंब केसाहूनही बारीक. थेंबाचा नियम डब्यात जसाच्या तसा मांडता येत नाही. म्हणून मॉडेलमध्ये काही आकडे अंदाजानं ठेवावे लागतात. प्लवक किती वायू सोडतात? ज्वालामुखी किती गंधक ओकतात? गाडीच्या धुरातला कण बाहेर पडताना किती मोठा असतो? ढगातलं पाणी किती आम्लधर्मी? कण जमिनीवर किती वेगानं बसतात? यातल्या प्रत्येक आकड्याला ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ एवढंच मोजमाप आहे. मॉडेलला बसवलेल्या या कळा समजा. थोडी इकडे फिरवा, थोडी तिकडे. दोन्ही शास्त्राला मान्य.

इंग्लंडात लीड्स विद्यापीठात केनेथ कार्सलॉ, लिंडसे ली आणि त्यांच्या सोबत्यांनी हवेतल्या कणांच्या आपल्या मॉडेलमधल्या अशा कळा मोजल्या. भरल्या अठ्ठावीस. आता गणित करा. प्रत्येक कळेला दोनच जागा दिल्या, ‘कमी’ आणि ‘जास्त’, तरी जुळण्या किती होतात? दोनला दोननं अठ्ठावीस वेळा गुणत गेलं की २६ कोटी ८४ लाखांच्या वर. समजा एक फेरी एका दिवसात उरकली, तरी सगळ्या जुळण्या बघायला सात लाख वर्षांहून जास्त काळ लागेल. सात लाख वर्षांपूर्वी आपली माणसाची जातसुद्धा जन्मली नव्हती.

दार बंद झालं असं वाटतं ना? ते उघडलं सोन्याच्या खाणीतून.

दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँड म्हणून डोंगरकणा आहे. १८८६ साली तिथे सोन्याचा साठा सापडला आणि त्याच्यावर जोहान्सबर्ग शहर उभं राहिलं. तिथलं सोनं खडकात खोल दडलेलं, आणि सगळीकडे सारखं नाही. म्हणून आधी बोअर मारायचे, खडकाचा लांब दांडा वर काढायचा, त्यातलं सोनं मोजायचं आणि मग खाण कुठे न्यायची ते ठरवायचं. बोअर महाग, त्यामुळे ते मोजकेच. दोन बोअरांच्या मध्ये काय आहे, त्याचा अंदाज बांधावा लागे.

डॅनी क्रीग नावाचा खाण-अभियंता हे अंदाज आणि नंतर प्रत्यक्ष निघालेलं सोनं यांचा ताळा बघत बसला. त्याला एक खोड सापडली. जिथे बोअरमध्ये भरपूर सोनं दिसलं होतं तिथे खणल्यावर अंदाजापेक्षा कमी निघे, आणि जिथे फार थोडं दिसलं होतं तिथे अंदाजापेक्षा जास्त. असं का व्हावं? कारण बोअर म्हणजे खडकाचा एक बारीकसा दांडा. त्याला नशिबानं सोन्याचा चांगला तुकडा लागला, म्हणून भोवतालचा सगळा खडक तसा श्रीमंत होत नाही. तेव्हा एका बोअरवर सगळा भरवसा ठेवायचा नाही. शेजारच्या बोअरांनाही विचारायचं. जवळच्याचं म्हणणं जास्त मानायचं, लांबच्याचं कमी, आणि साऱ्या भागाच्या सरासरीकडेही एक डोळा ठेवायचा. क्रीगनं हे १९५१ साली आपल्या एमएस्सीच्या प्रबंधात मांडलं. पुढे फ्रान्समधल्या जॉर्ज मात्रों यांनी त्याचं पक्कं गणित बांधलं आणि रीतीला क्रीगचंच नाव दिलं.

या गणिताचा खरा चमत्कार असा, की ते दोन उत्तरं देतं. इथे सोनं किती असेल, हे एक. आणि या अंदाजावर किती विसंबायचं, हे दुसरं. बोअरच्या जवळ ते ठामपणे बोलतं. बोअरपासून लांब गेलं की आपणहून सांगतं की इथे मला फारसं ठाऊक नाही.

१९८९ साली जेरोम सॅक्स आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एक मोठा शोधनिबंध लिहिला, आणि त्यात हीच रीत खडकाऐवजी संगणकाच्या कार्यक्रमांना लावून दाखवली. तिथे प्रत्येक फेरी म्हणजे एक बोअर. जमीन म्हणजे कळांच्या साऱ्या शक्य जागा, आणि सोनं म्हणजे मॉडेलचं उत्तर. मोजक्या फेऱ्या करायच्या आणि मधल्या सगळ्या जागांचं उत्तर गणितानं भरून काढायचं. असं जे हलकं, झटपट गणित तयार होतं त्याला इम्युलेटर म्हणतात. मूळ मॉडेल दिवसभर कष्टून जे सांगेल, त्याचा अंदाज हा डोळ्याची पापणी लवायच्या आत देतो.

वहीत काढूनच बघू. आडव्या रेघेवर एकच कळ घ्या, प्लवकांच्या वायूची, ० ते १० पर्यंत. उभ्या रेघेवर मॉडेलचं उत्तर, म्हणजे ढग किती उजळले ते. समजा ०, ३, ५ आणि १० या चार जागी आपण मॉडेल चालवलं. चार टिंबं मिळाली. आता या टिंबांतून जाणारी एक सैलसर, वळणदार रेघ ओढा. तिच्या वर आणि खाली पेन्सिलीनं पट्टा रंगवा. टिंबावर पट्ट्याची जाडी शून्य ठेवायची, कारण तिथे उत्तर आपल्याला माहीतच आहे. संगणकाला त्याच कळा पुन्हा दिल्या की तो तेच उत्तर देणार. ३ आणि ५ च्या मध्ये पट्टा जरासाच फुगतो. ५ आणि १० च्या मध्ये मात्र चांगलाच टम्म होतो, कारण तिथे बरीच जागा न विचारलेली आहे.

“मग पाचवी फेरी तिथेच करायची ना, जिथे तो फुगलाय?” धाकटी म्हणाली.

बरोबर, अगदी तसंच करतात. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त आवडतो तो हा पट्टा. रेघ कुणीही ओढेल. आपलं अज्ञान कुठे किती जाड आहे ते रंगवून दाखवणं हे खरं काम.

पण कळ एक नव्हे, अठ्ठावीस आहेत. पहिल्या फेऱ्या कुठे करायच्या? आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. पातेल्यातला भात सगळा एकसारखा शिजतो म्हणून ती म्हण खरी. ज्या पातेल्याच्या तळाशी करपलंय, मध्ये गाळ झालाय आणि वर कच्चं राहिलंय, तिथे वरचं एक शीत दाबून काय कळणार? शितं ठिकठिकाणची हवीत.

वहीत पाच बाय पाचची चौकट आखा, आडवी बाजू एका कळेची, उभी दुसरीची. पाच टिंबं अशी मांडा की प्रत्येक आडव्या ओळीत एकच आणि प्रत्येक उभ्या ओळीतही एकच. म्हणजे दोन्ही कळांचे सगळे टप्पे एकेकदा तपासले जातात. अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ साली ही युक्ती संगणकाच्या फेऱ्यांसाठी मांडली.

थोरल्यानं टिंबं मांडली ती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, तिरप्या रेघेत. नियम पाळला, शंका नाही. पण उरलेले दोन्ही कोपरे रिकामे! आणि दोन्ही कळा नेहमी बरोबरच वाढल्यामुळे कुठला परिणाम कुठल्या कळेचा, ते कधीच कळणार नाही. म्हणून टिंबं एकमेकांपासून लांब लांब, सगळीकडे विखरावी लागतात. यावर उपाय शोधताना १९९० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञांना जुनी विद्या आठवली ती आपल्या सी. आर. राव यांची. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी १९४० च्या दशकात प्रयोगांच्या मांडणीचे असे तक्ते शोधले होते, की कुठल्याही दोन गोष्टींच्या सगळ्या जोड्या सारख्या वेळा तपासल्या जाव्यात. ते तक्ते वापरले की तिरप्या रेघेचा घोळ टळतो. रावसाहेबांनी हे केलं तेव्हा हवामानाचं संगणकी मॉडेल जन्मायचं होतं.

आता लीड्सला परत चला. आधी त्यांनी जाणकारांना एकत्र बसवून विचारलं, की या अठ्ठावीस कळांपैकी एकेक कुठून कुठपर्यंत फिरू शकते. मग मांडणी ठरवली आणि मॉडेल चालवलं. किती वेळा? १६८. म्हणजे एका कळेमागे सहा. कोट्यवधी जुळण्यांतून फक्त १६८ निवडल्या! त्यांवरून इम्युलेटर बांधला आणि आणखी काही फेऱ्या करून त्या मुद्दाम त्याच्यापासून लपवून ठेवल्या. लपवलेल्या फेऱ्यांचं उत्तर आधी इम्युलेटरकडून वदवून घ्यायचं, मग खऱ्याशी ताडून बघायचं. या परीक्षेत उतरल्याशिवाय त्याच्या शब्दाला किंमत नाही. उतरल्यावर मात्र त्याला हजारो जुळण्यांचा प्रश्न विचारा, तो न दमता सांगत राहतो.

उत्तर आलं ते २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलं. १७५० पासून आजवर माणसाच्या धुरानं ढगांमार्फत पृथ्वी किती थंड केली, या प्रश्नातली अनिश्चितता नक्की कुठून येते, याची त्यांनी वाटणी केली होती. अनेकांना वाटत होतं की ती माणसाच्या धुराचा नीट हिशेब नसल्यामुळे येते. त्या धुराचा वाटा निघाला ३४ टक्के. आणि ४५ टक्के वाटा निघाला निसर्गाचा: ज्वालामुखींचं गंधक, समुद्राच्या प्लवकांचा वायू, झाडांचे वास, वणवे, लाटांचे तुषार.

“पण प्रश्न तर माणसाच्या धुराचा होता,” थोरला गोंधळला. “त्यात प्लवक कुठून आले?”

गोम इथेच आहे. निर्मळ हवेत थोडे कण टाकले की ढग लगेच उजळतात. आधीच कणांनी भरलेल्या हवेत तेवढेच कण टाकले तर फारसा फरक पडत नाही. म्हणून माणसाच्या धुरानं किती बदल केला हे सांगायचं तर धूर यायच्या आधी, १७५० साली, हवा किती निर्मळ होती ते कळायला हवं. आणि तेव्हाच्या हवेत कण पेरणारा मुख्यतः निसर्ग होता.

“१७५० ची हवा कुणी ठेवलीय का भरून?” धाकटीचा प्रश्न.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत ठेवलीय! अंटार्क्टिकाच्या बर्फात तेव्हाच्या हवेचे बुडबुडे अडकलेत. तो वायू जगभर सारखा मिसळतो, म्हणून एका ठिकाणचा बुडबुडा साऱ्या जगाची साक्ष देतो. कणांचं तसं नाही. ते हवेत काही दिवस, फार तर एखाद-दोन आठवडे टिकतात आणि पावसाबरोबर खाली येतात. ध्रुवाचा बर्फ सांगणार ध्रुवाचीच गोष्ट. अरबी समुद्रावर तेव्हा काय होतं ते त्याला काय ठाऊक? म्हणून आज पृथ्वीवर जिथे जिथे माणसाचा धूर फारसा पोचत नाही, दक्षिणेकडच्या महासागरासारख्या जागी, तिथे जाऊन हवा मोजणं इतकं मोलाचं ठरतं. १६८ फेऱ्यांतून निघालेलं हे मार्गदर्शन: मोजायला कुठे जायचं ते कळलं.

इम्युलेटरची मर्यादाही सांगायला हवी. त्याला पृथ्वी ठाऊक नसते, मॉडेलच ठाऊक असतं. मॉडेल चुकलं की तोही तेच चुकेल, आणि तेही झटपट. ज्या टापूत एकही बोअर मारलेला नाही तिथलं त्याचं बोलणं धरून चालू नये. म्हणून मोठ्या मॉडेलांची गरज संपत नाही. आपल्या पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. २०१८ मध्ये तिथे ‘प्रत्यूष’ महासंगणक आला आणि २०२४ मध्ये ‘अर्का’, ११.७७ पेटाफ्लॉप्स ताकदीचा; एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. याच संस्थेचं पृथ्वी-मॉडेल हे आयपीसीसीच्या कामासाठीच्या जागतिक तुलनेत उतरलेलं भारतातलं पहिलं. तरी मघाच्या सात लाख वर्षांचा हिशेब ‘अर्का’लाही आवाक्यात आणता यायचा नाही. मोठं मॉडेल थोड्या जागी खोल बोअर मारणार, इम्युलेटर मधली जमीन भरणार. दोघांनी मिळूनच हे काम होतं. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालातले येत्या शतकातल्या तापमानाचे अंदाजही इम्युलेटर म्हणूनच ओळखली जाणारी हलकी, सोपी मॉडेलं हाताशी घेऊन काढले आहेत.

तेव्हा पोरांनो, आणि हे वाचणाऱ्या मोठ्यांनोही, एक करा. पृथ्वी इतके अंश तापणार, पाऊस इतके टक्के बदलणार, अशी बातमी आली की मधला आकडा वाचून पान उलटू नका. त्याच्या शेजारी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं काही लिहिलंय का ते शोधा. तो पट्टा दिला नसेल, तर वर्तमानपत्राला पत्र लिहून तो मागा.